तळ्याची चव

९ मे, शुक्रवार. बिरवाडी.
दु. पोचलो. एस.टी. महाडपर्यंत, पुढे रिक्षा. माझं अर्धं तिकीट, ह्यांचं पूर्ण. सुट्टी आठ दिवसांची. ह्यांच्या मनात लेणी, उमरठ, जमलं तर रायगड. माझ्या मनात आई.
आई म्हणजे सासूबाई, वर्षभर नंदाताईंकडेच आहेत. लेक सुनेसारखं करते आणि सून पाहुणीसारखी पिशवी घेऊन आली.
फार वाळल्यात. कूससुद्धा नंदाताई बदलतात तेव्हा. पण मला ओळखलं. "शालू ना गो तू? जाडी झालीस." बरं वाटलं. अजून टोचतात.

१० मे, शनिवार
स. वंदना म्हटली. आईंचे ओठ सोबत हलत होते, आवाज नाही.
मग जवळ बोलावलं. उद्या महाडला जाणार ना, तर चवदार तळ्याचं पाणी आण म्हणाल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही तर दर वीस मार्चला जायच्या.
"जायची गो. पन गर्दी केवढी. तळ्यापोत कोन पोचतंय? पिंपातलं प्यायचं नि येयाचं. तळ्याचं कदी घावलंच नाय."
मग त्यांच्या वडिलांचं, सत्तावीस सालच्या सत्याग्रहाचं निघालं. "माजा बा पोलादपुराकडनं चालत गेल्ता तवा. वंजळीनं प्याला. मी ल्हानपनी इचारायची, बा, चव कशी व्हती? तर सांगायचा नाय. म्हनायचा, तू जा नि पी, मंग कळंल."
लग्नाला एकतीस वर्षं झाली. कधी माझ्याकडे साडी मागितली नाही. हे पहिलंच.

११ मे, रविवार
आधी गांधारपाले लेणी. चढताना घरचं पाणी संपलं. वर गारवा. डोळे मिटून बसले थोडी. हे फोटो काढत होते.
मग तळं. पाणी उन्हाळ्याने खाली गेलेलं, कडेला हिरवट. मी लग्नानंतर एकदाच आले होते, तेही गर्दीत, माणसांच्या पाठीच बघितल्या. आज मोकळं होतं. हात जोडले आणि डोळे भरून आले. हे थंड बाटली घेऊन आले. रु. २०. तिथेच पायरीवर बसून दोघं प्यालो. तेव्हा काहीच वाटलं नाही!
सरबताची रिकामी बाटली घासून नेली होती. खाली उतरून भरली. रखवालदार म्हणाला, "ताई, जपून, शेवाळ हाय. प्यायला का? उकळून घ्या हां."
सं. घरी. बाटली भगवंतांच्या फोटोपुढे ठेवली, मेणबत्तीशेजारी. आईंनी खाटेवरून बघितलं.
"थितं कशापाय ठेवलीस? तीर्थ हाय काय ते?"
मी मेणबत्ती जरा बाजूला सरकवली.
"पानी हाय गो, नुस्तं पानी. त्याच्यापायच तर एवडं भांडान." मग मान माझ्याकडे करून, "चव कशी हाय?"
"मी नाही प्यायले, आई."
"तानेली आलीस?"
"बाटलीतलं प्यायले. विकतचं."
हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. नंदाताई धावत आल्या. खोकला थांबल्यावर हळू म्हणाल्या, "माज्या बाला इकत तरी कोन देत व्हतं."


१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.
पांढरी साडी. वंदना, खीर. शेजारच्या चार घरी वाटी दिली.
पाण्यावरून बोलाचाली. हे म्हणाले, तसलं पाणी आईला नको, डॉक्टरांनी सांगितलंय. नंदाताई स्वयंपाकघरातून, "तुमी लोक चार दिवसांनी जाल. पोट बिघडलं तर धुवायचं मलाच हाय." खोटं काय आहे त्यात? त्यांचे हात बघितले, साबणाने पांढरे पडलेत. 
म्हणून उकळलं. फडक्यातून गाळलं, परत उकळलं. घाईत सगळीच बाटली टोपात ओतली, थोडं तसंच ठेवावं हे सुचलं नाही. निवल्यावर चमच्याने दिलं.
आईंनी तोंडात घोळवलं. खूप वेळ. आम्ही तिघं बघतोय.
"टोपाची चव हाय," म्हणाल्या. "तळ्याची नाय."
आणि भिंतीकडे तोंड केलं.

१३ मे, मंगळ.
रात्रीपासून ताप. बोलणं जड. डॉक्टर घरी येऊन गेले. मी विचारलंच, एक चमचा पाणी दिलं होतं, उकळलेलं. ते म्हणाले, पाण्याने नाही हो, वय झालंय. आता काही दिवस... आणि बॅग उचलली. ह्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.
आई रागावल्या असतील का माझ्यावर? नुसतं पाणी मागितलं. ते मी आधी देवासारखं मांडलं, मग औषधासारखं उकळलं.
उमरठ रद्द. रायगड रद्द. कुणी विषयसुद्धा काढला नाही.

१४ मे, बुध.
स. नंदाताईंना म्हटलं, मी महाडला जाऊन येते. त्यांनी तीच बाटली धुऊन हातात दिली.
एकटीच गेले. रखवालदाराने ओळखलं. "संपलं का ताई?" मी म्हटलं, बिघडवलं मी. हसला बिचारा, त्याला काय कळणार.
खालच्या पायरीवर बसून ओंजळ भरली. मनात आलं, पोट बिघडलं तर? आईंचे वडील आठवले. मी त्यांना बघितलेलंसुद्धा नाही. प्याले. परत भरली, परत प्याले.
चव इथे लिहीत नाही. आधी आईंना सांगायची आहे.
घरी आले तर डोळे मिटलेले. श्वास वरवर. कानाशी गेले, "आई, मी शालू. तळ्याचं प्याले हो." पापणी हलली, की मलाच वाटलं.
बाटली फोटोपुढे ठेवली नाही. खिडकीत ठेवली, आपल्या पिण्याच्या पाण्याशेजारी.

१५ मे, गुरु.
घोट गिळता येत नाही आता. हे रजा वाढवून घेतायत. परतीची तिकिटं राहू दे म्हणाले. आईंच्या पायाशी बसून असतात, लेणीत काढलेले फोटो बघितले नाहीत अजून.
दु. मी आईंजवळ होते. नंदाताई आल्या, मुठीत कापूस. खिडकीतली बाटली स्वतःच उघडली. उकळू का, मी विचारलं. मानेने नको म्हणाल्या. कापूस बुडवला, माझ्याच हातात दिला. "तुमाला सांगितलेलं ना तिनं. तुमीच द्या."
ओठ ओले केले. वरचा, मग खालचा. काहीच नाही. परत केले. तेव्हा जीभ आली बाहेर, जराशी, ओठावरून फिरली आणि आत गेली.
नंदाताई एकदम वाकल्या. "आये, कशी हाय गो? सांग ना."
श्वास तेवढा चालू आहे. नंदाताईंनी हात धरलाय, माझ्या डाव्या मुठीत कापूस. आईंचं तोंड थोडं उघडं आहे, बोलायच्या आधी असतं तसं.