अकोला अजून पाचव्या अध्यायावर

पौष वद्य ४, शके १७८६. अमरावती.

रामराव आज भर बाजारात ओरडला, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, मोरोपंत!" कापसाच्या बैलबंड्यांनी रस्ता तुंबलेला. पुढे जाता येईना, मागे सरता येईना. उभे राहून सगळे ऐकून घ्यावे लागले. बंडीवाले मजेत ऐकत होते.

हा रामराव इंग्रजी अंमलाआधी मोगलाईत माझ्या शेजारी एकाच सतरंजीवर बसून लेखणी झिजवीत होता! अकोल्याच्या कचेरीत मी दिवाण किसनराव देशमुखांचा पेशकार, तो माझ्या हाताखाली. जे मी पाहिले ते त्यानेही पाहिले. मी ते लिहिले आणि मुंबईस पाठवून छापून आणले, एवढाच माझा गुन्हा. "पुस्तक वाचलेस का?" म्हणून विचारले. म्हणतो, "वाचायचे काय त्यात? लोक सांगतातच की."

लोक सांगतात!

पौष वद्य ६

चिंतामण, माझा पुतण्या, इथल्या शाळेत मास्तर आहे. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून माझे पुस्तक मोठ्याने वाचतो. ज्यांना वाचता येत नाही ते येतात, ज्यांना येते तेही फुकटात होते म्हणून येतात. आठवडाभरात दहाही अध्याय झाले. आता पुन्हा पहिल्यापासून चालू आहे. ऐकून उठतात ते भांडतच उठतात. मध्येच कोणी मुंबईचा भाव आला म्हणून ओरडले की अर्धा ओटा रिकामा! अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर इथे कापसापुढे देवालाही कोणी विचारीत नाही, तिथे माझी काय कथा.

नत्थुजी पाटील खूश आहेत. "पंत, वाघ हा तुमी वाघ! त्या देशमुखाची अशीच जिरवाले पायजे होती." मी म्हटले, पाटील, किसनरावांचा न्याय, त्यांनी बांधलेल्या विहिरी, पेंढाऱ्यांच्या वेळची त्यांची हिंमत, हे सारे मी सात अध्याय लिहिले आहे. तर म्हणतात, "थे आमी डुलक्या घेत आयकलं." मग जवळ सरकून हळूच, "पन माहं नाव कावून नाई त्याच्यात?"

अर्ध्यांना नाव आहे म्हणून राग, अर्ध्यांना नाही म्हणून राग. कपाळ माझे!

पौष वद्य ७

आज एका पोराने विचारले, "इतके वाईट होते तर चाकरी का नाही सोडली?" मिसरूडही फुटलेले नाही. जेवण गेले नाही.

पौष वद्य ९

सगळे भांडण आठव्या अध्यायाचे. तो लिहायचाच नव्हता, तर बाकीचे नऊ लिहून काय उपयोग होता?

वीस वर्षांमागचा दुष्काळ. सरकारी कोठार किसनरावांच्या घराला लागून. दाराला कुलूप, कुलपावर लाखेची मोहर, पुढे चार शिपाई. कोठार उघडू नये हा हुकूम दिवाणांनी सांगितला, मी लिहिला. बाहेर माणसे बसलेली. झाडाची साल सोलून खाणारी माणसे. आमचा पगार सहा महिने थकलेला, आणि घरात मैना आजारी. चार वर्षांची. मी किसनरावांच्या पायाशी बसलो. कण्यांपुरती ज्वारी द्या म्हटले, पोरीपुरती. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "कुलूप उघडणार नाही, मोरोपंत." एवढेच. मैना त्याच आठवड्यात गेली.

यातला एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आणि रामराव म्हणतो, मेलेल्या माणसावर उडी घेतलीस. जिवंत असताना घेतली असती तर कोणाची हाडे मोजली असती?

हिने पुस्तकाबद्दल आजवर एकच वाक्य काढले. चिंतामणने आठवा वाचला तेव्हा दाराआड बसली होती. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे म्हणाली, "बरे झाले लिहिले. मला आता झोप लागते." वीस वर्षे हिची झोप उडाली होती. आता अंग टाकले की डोळा लागतो. गावाने काय बोलायचे ते बोलावे. मी हे दोन माणसांसाठी लिहिले, आणि त्यातले एक राहिलेले नाही.

पौष वद्य १२

अकोल्याहून माणूस आला! किसनरावांचा नातू महादेवराव, तोच जो कापसाच्या व्यापारात एवढा वर आला आहे, त्याचे निमंत्रण. राजेश्वराच्या देवळाशेजारी मांडव घालून माझे पुस्तक वाचून घेतो आहे. खर्च सगळा त्याचा. शेवटचे तीन अध्याय तीन दिवस लागोपाठ व्हायचे आहेत, त्यास मी स्वतः बसावे. समाप्तीला गावजेवण, मला शालजोडी. बैलांची दमणी पाठवतो म्हणतो.

डोळ्यांत पाणी आले, लपवत नाही. ज्याच्या आजोबावर मी आठवा अध्याय लिहिला तो मला शाल देतो! मन असावे तर असे. अमरावतीच्या या टीकाकारांनी अकोल्यास जाऊन शिकून यावे.

माघ शुद्ध २

मी गाढव आहे.

चिंतामण शाळेच्या कामाने अकोल्यास गेला होता, आज आला. येताच म्हणाला, "काका, अकोला अजून पाचव्या अध्यायावर आहे."

मला आधी कळेचना. पुस्तक छापताना मी भागांना 'अध्याय' म्हटले. दुसरे काय म्हणायचे ते मला ठाऊक नव्हते. जन्मात पोथीखेरीज काही वाचलेले नाही. त्या लोकांनी पोथीच केली! चौरंगावर ठेवून हळदकुंकू वाहतात, दर सोमवारी एक अध्याय, मग आरती, फुटाण्यांचा प्रसाद. पुढचे पान कोणी उलटायचे नाही. पोथीचे पुढचे आधी वाचू नये, ऐकू नये म्हणतात! वाचणारे देवीदासबुवा पुराणिक, त्यांनीसुद्धा वाचलेले नाही. म्हणजे अकोल्याला किसनरावांच्या विहिरी माहीत, न्याय माहीत, हिंमत माहीत. महादेवराव दर सोमवारी पुढच्या ओळीत छाती काढून बसतो, डोळे पुसतो.

आणि आठवा ज्या दिवशी वाचणार, त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसायचे!

माघ शुद्ध ४

रामराव घरी आला. भांडायला नव्हे. म्हणाला, "जाऊ नकोस. आजारी आहे म्हणून कळव. देशमुखांचे लोक आहेत, मांडवातून उठू देणार नाहीत तुला." तोंडावर शिव्या देणारा हाच एक, काळजी करणाराही हाच. याला काय म्हणावे?

नत्थुजी म्हणतात, "मी वीस मानसं घेऊन येतो संगं. काठ्या बंडीत टाकतो." नको म्हटले. हात जोडले.

न जावे तर सगळी अमरावती म्हणेल, ओट्यावर वाघ, अकोल्यात शेळी. जावे तर… हिला विचारले. धान्य निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. त्यांच्या घरच्यांनी तुमच्या समोर ऐकायला हवे."

माघ शुद्ध ८. मूर्तिजापूर.

दमणीत हाडे खिळखिळी झाली. बाजूने आगगाडीचा बांध चालला आहे, मैलोगणती नुसती उपसलेली माती. कापसाच्या बंड्यांची रांग सुटत नाही. एका शेतकऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या आहेत. बैल तोच, माज नवा.

रस्ताभर ठरवले की पोचताच महादेवरावाला एकट्याला गाठून सांगून टाकायचे.

माघ शुद्ध १०. अकोला.

सांगायला निघालो आणि तोंडघशी पडलो.

वेशीवर वाजंत्री! माणसे पायावर डोकी ठेवतात. "पंत, आमच्या आजोबाचं नाव अमर केलं तुमी," म्हणून महादेवराव गळ्यात पडला. धिप्पाड माणूस, पोरासारखा हसतो. मला तो आवडला, हीच पंचाईत. त्याला बाजूला घेतले. म्हटले, महादेवराव, आठव्या अध्यायात एक गोष्ट आहे, ती तुम्ही आधी… त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "पुढचं सांगू नका पंत! पोथीचं पुढचं आधी आयकू नाई. यजमानानं त बिलकुल नाई."

पुन्हा प्रयत्न केला. तो चक्क पळाला.

देवीदासबुवांकडे गेलो. म्हटले, आज रात्रीपुरते पुस्तक माझ्याकडे द्या. म्हणतात, बांधून ठेवलेली पोथी सोडता येत नाही. माझे पुस्तक! मी लिहिलेले! मला मिळत नाही!

माघ शुद्ध ११

वाचले.

बुवांचा आवाज खणखणीत. दुष्काळ आला तेव्हा लोक सरसावून बसले. आता दिवाणसाहेब कोठार उघडणार! कुलूप आले, मोहर आली, शिपाई आले. बुवांचा आवाज खाली खाली जाऊ लागला. "कुलूप उघडणार नाही" इथे ते थांबले आणि महादेवरावाकडे पाहिले. सारा मांडव त्याच्याकडे पाहत होता. मी माझ्या गुडघ्यांकडे.

महादेवरावाच्या मानेवरची शीर उडत होती.  मग म्हणाला, "वाचा बुवा. अर्धी पोथी सोडाची नसते."

मैना गेली ते वाचताना बायकांच्या बाजूने हुंदका आला. आरती झाली. घंटा तेवढी वाजली. मला वाटले होते आज छाती हलकी होईल. झाली नाही. नुसती चीड येते आहे, कोणाची ते कळत नाही.

माघ शुद्ध १२

नववा झाला. जेवताना महादेवरावाने स्वतः वाढले. डोळ्याला डोळा नाही, आणि पानात तूप दोनदा! समाप्तीपर्यंत यजमानाला रागावता येत नाही म्हणे. त्याने काठी घातली असती तर बरे झाले असते. गावात दोन तट पडले आहेत, पाणवठ्यावरसुद्धा भांडणे. मला कोणी काही विचारीत नाही.

माघ शुद्ध १३

समाप्ती. शाल अंगावर घातली.  मग खाली वाकून कानाशी बोलला, "पंत, उद्या अमरावतीले निंगाच्या आंधी घरी या. आई बोलावून राहिली."

आई म्हणजे गोदाबाई, किसनरावांची सून. पाच वर्षांपूर्वी विधवा झाली. त्या दिवसांत याच घरात होती. शिव्या देईल. देऊ दे. जाईन.

माघ शुद्ध १४

गोदाबाईने शिव्या दिल्या नाहीत. दाराआडून म्हणाली, "पंत, कोठारात दाना नोता. उन्हाळ्यातच पलटनीनं सारं उचलून नेलं. दिवाळीले कोठाराची पूजा घरच्या सुनेनं कराची, म्हनून मी एकटीच घरातल्या दारानं आत जात होती. उघड्या भुईवर हळदकुकू वायलं मी. मामाजी म्हने, रिकामं हाय हे बाजारात समजलं त व्यापारी ज्वारी सोन्याच्या भावानं इकतीन. बसू दे पाहारा. लोकाईनं मले शिव्या देल्या त चालते. माह्याकून त्याईनं आन घेतली होती, कोनाले सांगू नाई म्हनून. आज मोडली."

त्या कुलपावर मोहर मी केली होती. आत पाहिले नव्हते.

दमणी दारात उभी आहे. घरी ती वाट पाहत असेल. तिला नुकती कुठे झोप लागू लागली आहे.