मॅग्नेटचा निम्मा प्रवाह

४ फेब्रु.
महादेव भाऊजी परवापासून घरीच. पलूसच्या फौंड्रीत ते चालवतात त्या क्रेनच्या मॅग्नेटवरून भंगार सुटलं, खाली बापू होता. पायाचं हाड मोडलं. बापू म्हणजे भाऊजींचा शाळेपासूनचा दोस्त. सगळे म्हणतात, भाऊजींनी चुकून स्विच बंद केला. जेवताना एवढंच बोलले, "वैनी, मी बटनाला हातबी लावला न्हाई." पुढं ताट तसंच.

६ फेब्रु.
सांगली. डिप्लोमाच्या वर्गात रेक्टिफायर शिकवला, एसीचं डीसी करणारा. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कॉइल प्रवाहाला अडवते ना? मग सरासरी प्रवाह कमी का होत नाही?" नेहमीचं उत्तर दिलं: कॉइल जेवढं घेते तेवढं परत देते, तिच्यावरचं सरासरी व्होल्टेज शून्य. सरासरी व्होल्टेज भागिले रोध, संपलं.
किती वर्षं सांगतेय हे. आज सांगता सांगता मॅग्नेट आठवलं. तेही कॉइलच की. म्हणजे त्याला पुरेसा प्रवाह मिळत होता का, हे बघायला दोनच आकडे हवेत मला: व्होल्टेज आणि रोध.
येताना बसमध्ये दुसरं काही सुचलं नाही.

८ फेब्रु.
फौंड्रीत गेले. मालक नाखूष. "मॅग्नेट चालू आहे मॅडम. बघा हवं तर."
ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट. रेक्टिफायरनंतर शिखर १५५, सरासरी ९९. कॉइल गरम असताना ९ ओहम. म्हणजे ११ अँपिअर यायला हवा.
मीटरवर साडेपाच.
मीटर बदलला. साडेपाचच. थोडा कमी असता तर कॉइलवर संशय घेतला असता. पण बरोबर निम्मा? स्कोप लावला, पडद्यावर व्होल्टेजची लाट: एक टेकाड, मग सपाट, पुन्हा एक टेकाड. रेक्टिफायरच्या चार डायोडांतला एक उघडा पडलेला, अर्धी लाट जातच नव्हती. नवा टाकला, १०.८ आला. ११ ला जे थोडं कमी पडतं ते डायोडच खातात.
इतका आनंद झाला, की बापूचा पाय क्षणभर विसरलेच. मग कसंतरी झालं.
निम्म्या प्रवाहावर पकड निम्म्याहूनही कमी. हे मालकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आज गेलेला दिसतोय. त्या दिवशी गेला होता कशावरून?"
मीटर आजचंच सांगतो.

९ फेब्रु.
बापूच्या घरी. पाय प्लास्टरात, उशीवर. विचारलं, त्या दिवशी मॅग्नेट कसं चालत होतं?
"सकाळपासनंच कमी धरत हुतं, वैनी."
म्हणजे डायोड आधीच गेलेला. मी उठणारच होते.
"मी म्हनलो बी म्हादूला, थांबव गड्या, हे काय खरं न्हाई. त्यो म्हनला, एवढी खेप हुंदे." पायाखालची उशी त्यानं सारखी केली. "मालकाला अजून काय बोललो न्हाई. काय सांगू? तुमीच सांगा."
डायोड आधीच गेला होता याला साक्ष बापूचीच, आणि त्याच साक्षीत भाऊजींनी त्याचं ऐकलं नाही हेही येणार. त्याच्या आईनं चहा दिला, तो प्याले.
घरी आले तर भाऊजी दारातच. "बापू काय म्हनला, वैनी?"
म्हटलं, पाय धुऊन येते.
अजून बाहेर बसलेत. मी आत, हे लिहीत बसलेय.