बेहड्याला टांगलेला विळा

आबा, मी गावी बेहडा तोडायला आलो होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पोरगं भेटायला आलं होतं असं तुम्हाला वाटायला नको. तुम्हाला ठाऊक न्हाय, तुम्ही गेल्यावर मी लांब आलो, गुजरातेत, वलसाडच्याबी पुढं. इथं लाकडाच्या वखारीत मशीनवर असतो. ट्रकनं ओंडके येतात, साग, सादडा, शिवण, आणि करवतीच्या पट्ट्याखालून फळ्या होऊन बाहेर पडतात. तुम्ही जन्मभर जेवढी झाडं राखलीत तेवढी आमच्या वखारीत एका पावसाळ्यात चिरून संपतात. भुसा नाकातोंडात जातो, तुमची आठवण होते, आणि मी ओंडका आणखी जोरानं पुढं रेटतो. मालक म्हणतो, या पोराला कामाचा लई नाद. त्याला काय माहीत. चौथीत शाळा सुटली म्हणून अक्षर असं आहे, पण तुम्हाला तर अंगठ्यापलीकडं येतच नव्हतं, तेव्हा चालंल.

भूमला एस.टी.तून उतरलो तो बाजाराचा दिवस होता. एक नवी कुऱ्हाड घेतली, दांडा बसवून घेतला आणि चालत निघालो. वाटभर मनात एकच होतं, की रान आता राहिलंच नसंल. तुमच्या माघारी कोण राखतंय? चार खुंट, मधी बाभळी, आणि तोंडाशी तुमचा बेहडा एकटा उभा असंल, तेवढा आडवा केला की झालं. पण खिंड चढून वर आलो आणि थांबलोच. श्रावण सरत आला होता. पळसाची पानं ताटाएवढी झालेली. सागाची तर सुपासारखी, एकावर एक अशी पडलेली की खाली ऊन उतरंना. धावडा, टेंभुर्णी, मोह, सगळं एकात एक गेलेलं. आत पाऊल टाकलं तर पायाखालचा पाला ओला, मऊ, आणि गार वारा. मला राग आला. लई राग आला. बहात्तरच्या दुष्काळात हेच रान काड्यांसारखं झालं होतं, आणि त्या काड्यांवरच्या चार पानांसाठी तुम्ही आमचं घर मोडलं होतं.

तुम्हाला आठवत असंल, नसंल, मी सांगतो. आईला खडीच्या कामावर सुकडी मिळायची ती मी आणि तुम्ही खायचो. गाय नुकतीच व्यालेली, दावणीला काही न्हाय, बरगड्या मोजून घ्याव्या अशी झालेली. गावच्या सोसायटीनं ठराव केला होता, पाला फक्त ठरल्या दिवशी कापायचा आणि घरटी वाटायचा, मधी कुणी रानात शिरायचं न्हाय. राखण तुमच्याकडं. जो सापडंल त्याचं हत्यार बेहड्याच्या खोडात खुंटी मारून टांगायचं. मग त्या घरच्या बाप्यानं संध्याकाळी बेहड्याच्या पारावर उभं राहून चार लोकांसमोर आपलं नाव बापासकट घ्यायचं, 'चुकलं' म्हणायचं, की हत्यार परत. दंड न्हाय, शिवी न्हाय. बाप्यांना त्याची मजाच होती. सोसायटीच्या चेअरमनच्या सालगड्याची कुऱ्हाडसुद्धा तुम्ही टांगली, तो दुसऱ्या दिवशी हसत वर चढला, नाव घेतलं, चुकलं म्हणाला, कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेला. गावानं तुमचं केवढं कौतुक केलं. माणूस बघत न्हाय, कायदा बघतो, असं म्हणायचे.

आणि मग एका दुपारी आई तुम्हाला धावड्याखाली सापडली. मी तिच्याबरोबर होतो, पाल्याचा भारा बांधत होतो. तुम्ही आलात. तिच्या हातातून विळा काढून घेतलात. तिच्या बापानं बेंबळीच्या लोहाराकडून करून दिलेला विळा, लग्नात आलेला. ती एवढंच म्हणाली, "गाईसाठी हाय." तुम्ही म्हणालात, "गाय समद्यांच्याच घरी हाय." भारा तिथंच सोडायला लावलात आणि विळा नेऊन टांगलात. खरं बोललात, आबा. खोटं बोलला असतात तर मला एवढा राग आला नसता.

संध्याकाळी आमच्या घरचा बाप्या पारावर जायला पाहिजे होता. घरचा बाप्या तुम्ही. लोक वाट बघत बसले, तुम्हीबी तिथंच बसलेले, राखणदार म्हणून. कुणीतरी हसत म्हणालं, की आता तुम्हीच उठा आणि तुमच्यापुढंच उभे राहा. तुम्हाला ते झोंबलं. तुम्ही म्हणालात, जिनं कापलं तिनं यावं, नाव घ्यावं, विळा न्यावा. तिनं पुरतं नाव घ्यायचं म्हणजे नवऱ्याचं, तुमचं नाव. त्या बाईनं लग्नात उखाण्यात एकदा घेतलेलं नाव, ते चोरटी म्हणून पारावर चढून घ्यायचं. ती आली न्हाय. मी म्हणालो, मी जातो. तुम्ही माझ्याकडं बघितलंतसुद्धा न्हाय, म्हणालात, "मिसरूड फुटू दे, मग पारावर चढ." लोक हसले. ते हसणं मी गुजरातपर्यंत बरोबर घेऊन गेलोय.

तुम्ही उठायचं होतं. एवढंच होतं, आबा. उठायचं, तोंडानं तीन अक्षरं काढायची आणि खाली बसायचं.

तिनं दुसरा विळा घेतला न्हाय. माझा विळा हाय की, दुसरा कशाला, म्हणायची. हातानं पाला ओरबाडायची, बोटं चिरून जायची. गाय छावणीत नेली ती परत आली न्हाय. आणि त्या दिवसापासून ती तुमच्याशी बोलली न्हाय, तुम्ही मरेस्तोवर. एवढंसं सैपाकघर आपलं, चुलीपासून तुमच्या पाटापर्यंत हात पोचायचा. ती मला सांगते, तुझ्या बापाला म्हणावं भाकरी वाढलीय. तुम्ही मला सांगता, तुझ्या आईला म्हणावं कोरड्यासात मीठ कमी पडलंय. दोघांनाबी ऐकू येतंय, आणि मी मधी उभा राहून तेच पुन्हा म्हणतोय. तुमच्या दोघांच्या मधी येरझाऱ्या घालून पायाला जी सवय लागली ती अजून सुटंना. एका वखारीत वर्षभर टिकत न्हाय मी. चांगली लागलेली कामं सोडून निघतो. 

तर बेहडा. पार तसाच आहे, दगड जरा सुटलेत. विळाबी तिथंच होता. मधल्या वर्षांत झाड जाड झालं आणि सालीनं विळ्याचं पातं गिळून टाकलंय, लोखंडी मूठ तेवढी बाहेर लोंबत होती, गंजून तांबडी झालेली. मी पारावर चढलो, मिशीवरून हात फिरवला, तुम्हाला दिसावं म्हणून, आणि कुऱ्हाड उचलली.

मागून बाईचा आवाज आला, "ओ मिशीवाल्या, ती कुऱ्हाड इकडं दे गुमान."

आता राखण खालच्या आळीतली एक चाची करते. साठीची असंल, लुगडं वर खोचलेलं, हातात काठी. मी म्हणालो, मला ओळखलं न्हाय का. ती म्हणाली, "वळखून काय करू बाबा? सख्ख्या जावयाचा कोयता टांगलाय म्या. लेकीनं ईदला शिरखुर्मा पाठवला न्हाय." कुऱ्हाड काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. संध्याकाळी ये, म्हणाली, पद्धत माहीत असंल. मला हसू यायला लागलं, आणि त्याचाच आणखी राग आला.

संध्याकाळी तेच म्हातारे जमले. चेअरमन आता काठीवर चालतो. मी पारावर चढलो. चेअरमननं मला लगेच ओळखलं, पण पद्धत ती पद्धत. म्हणाला, नाव घे बापासकट, आणि म्हण. मी आधी विळ्याच्या मुठीवर हात ठेवला. म्हणालो, कुऱ्हाडीचं नंतर, आधी हे आमच्या घरचं राहिलंय. मग मी नाव घेतलं. माझं न्हाय. तुमचं, तुमच्या बापासकट, आडनावासकट, मोठ्यानं, खिंडीपर्यंत जाईल असं. तुम्ही गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. आणि म्हणालो, "चुकलं."

कुणी हसलं न्हाय. चेअरमन म्हणाला, "अरे, मेलेल्या माणसाचं असं म्हणतात का?" म्या सांगितलं, जिवंत होता तेव्हा म्हणाला न्हाय, म्हणून आता म्हणावं लागतं. मला हेच करायचं होतं, आबा. ज्या पारावर तुम्ही ताठ बसला होतात तिथं, त्याच लोकांसमोर, तुमच्या नावानं मान खाली घालायची. झाड तोडण्याहून हे बरं लागलं. चाचीनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "कुणाच्या का तोंडानं हुईना, म्हणलं की न्हाय? द्या त्याचं त्याला." मग माझ्या नावानं मी माझंबी चुकलं म्हणालो, कुऱ्हाड घेतली आणि विळ्याभोवतीची साल हळूहळू फोडली. फार खोल घाव घातला न्हाय. विळा निघाला तेव्हा खोडात त्याच्या आकाराची खाच राहिली. ती राहू दे तशीच, तुमच्यासाठी.

आई आता कळंबला मावशीकडं असते. तिच्यापुढं विळा ठेवला. तिनं तो उचलला न्हाय, आधी विचारलं, "कोण म्हणालं?"

"म्या. आबांच्या नावानं."

"नाव पुरतं घेतलंस? मामंजींचं घालून?"

"व्हय."

ती उठली, घागरीतलं पाणी घेतलं, उंबऱ्याच्या दगडावर शिंपडलं आणि विळा घासायला बसली. तांबडं पाणी वाहत अंगणापर्यंत गेलं. मान वर न करता म्हणाली, रान कसं हाय. म्या सांगितलं. ती म्हणाली, "त्यांला कळवायला पायजे होतं." एवढ्या वर्षांत तुमच्यासाठी तिनं माझ्याकडं दिलेला हा पहिला निरोप, ज्यात भाकरीचं काही नव्हतं.

म्हणून हा कागद लिहायला घेतला. पण आता वाचून बघतो तर मी तुम्हाला सगळं सांगितलंय ते तुम्हाला लागावं म्हणून, आणि नेमका तेवढा निरोप घाईघाईत सांगितलाय, रागाच्या आडून. तेव्हा आता नीट सांगतो. रान दाट झालंय, आबा. धावड्याखाली दुपारी दिवा लावावा एवढा अंधार पडतो. बेहडा शेंड्यापर्यंत पानांनी भरलाय, आणि कुऱ्हाड मिळाल्यावर मी लगेच निघालो न्हाय, आत जाऊन अंधार पडेपर्यंत नुसता बसून राहिलो. कुठंच इतका वेळ बसवत न्हाय मला. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. म्हणूनच, तुमचा पत्ता असता तरी म्या हा कागद पेटीत टाकला नसता.