चार चाकांवरचं ‘वेट’

१४ सप्टेंबर, रविवार

…त्या सकाळी मूग उपसून फडक्यात बांधले होते, टॉवेल भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर वाळत टाकले होते, आणि स्वयंपाकघराची फरशी पुसत पुसत पाठमोरी दारापर्यंत आले होते. तेवढ्यात मागच्या दारातून हे गाडीचं एक चाक घरंगळवत आत. मी ओरडणार तोच म्हणाले, “वेट!” मी थांबले. फडकं हातात, एक पाय उचललेला. मला वाटलं, फरशी ओली आहे म्हणून थांब म्हणतायत. “अगं थांबलीस काय? वेट! वेट बघायचंय चाकाचं. काटा आण बाथरूममधला.” फरशीभर काळा पट्टा. मी पुन्हा बादली भरली. मार्चमधली सकाळ. विशेष काहीच नव्हतं तिच्यात.

आठवलं कारण आज सायलीचा लीड्सहून फोन. (इथून पुढे सा. लिहीन, बोटं दुखतात.)

“आई, ऐक. ऑक्टोबरमधला ट्रॅक डे बाबानी बुक केलेला, तो मी करणार. त्याचा गाडी मी चालवणार.”

“त्याची.”

“त्याची गाडी. पण ऑक्टोबर म्हणजे पाऊस, आणि गाडीला आत्ता जे टायर्स आहेत ते फक्त ड्रायचे. तू बघशील का? चीप चालतील. पण गुड. माझ्या शिफ्ट्स हॉरिबल आहेत, आणि तू वाचतेस ना सगळं.”

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे मला शंभरदा सांगायचे. बंद ट्रॅकवर आपापली गाडी हवी तशी पळवायची, बास. त्यांनी मार्चमध्ये नाव घातलं आणि एप्रिलमध्ये गेले. लोक अजून विचारतात, गाडीत का? नाही. सुपरमार्केटच्या रांगेत, हातात मारी बिस्किटं.

तेव्हापासून सा. च्या तोंडून ‘बाबा’ हा शब्द आला नव्हता. रडलीही नाही. हॉस्पिटलात दुसऱ्यांची हाडं बसवत राहिली. आज बाबा म्हणाली. नाही कसं म्हणू.

हो म्हटलं.

१६ सप्टें., मंगळ

गराज उघडलं. लाल गाडी, दोन सीटांची, यांची लाडकी. तिचे टायर हाताने चाचपले. जवळजवळ गुळगुळीत. पावसात यावर तिला बसवू?

मागच्या भिंतीला जुन्या चादरीखाली आणखी चार चाकं. टायरसकट. चारींवर पांढऱ्या खडूने, यांच्याच अक्षरात, मराठीत: वेट.

हुश्श झालं. पावसाचे टायर. ओल्याचे. आणूनच ठेवलेत माणसाने.

सा. ला मेसेज केला, काही घ्यायला नको. उत्तर: “ओह बाबा!! ❤️” मग बराच वेळ नुसतं टायपिंग… दिसत राहिलं आणि काहीच आलं नाही.

१९ सप्टें., शुक्र

कीथला बोलावलं. यांचा ट्रॅकवरचा सोबती, पूर्वी इथल्याच बसवर ड्रायव्हर. बोलतो भरपूर, चहात तीन साखरा.

त्याने टायरला अंगठ्याचं नख लावलं. मान हलवली. “दीज आर नॉट वेट्स, लव.” पावसाचे टायर असे नसतात म्हणे. खाचा आहेत, पण रबर म्हातारं झालंय. टायरच्या कडेला चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या साली बनला ते. तो वाचून म्हणाला, ओल्या रस्त्यावर हे साबणासारखे जातील.

“पण त्यांनी लिहिलंय.”

“काय लिहिलंय?”

“वेट.”

“वेट म्हणजे वजन? तो नेहमी वजनाचंच बोलायचा. हलकी चाकं, हलकी चाकं.”

“वेट म्हणजे ओलं पण होतं. वेट म्हणजे थांब पण.”

“तुमच्या भाषेत तिन्ही एकच?”

“भाषा तुमचीच आहे. अक्षरं आमची.”

इतका हसला की चहा सांडला. मग डोळे पुसत म्हणाला, “मग यातलं कुठलं, सुनंदा?”

मी सांडलेला चहा पुसायला घेतला.

त्याच दिवशी, उशिरा

हसण्यावारी गेलं, पण नंतर बसून एकेक अर्थ मांडून पाहिला. ओलं असेल तर ही चाकं पावसात वापरायची. वजन असेल तर चाकं हलकी, चांगली, टायर मात्र दुसरे घालायचे. आणि थांब असेल तर? यांना एखाद्या चाकात काही दिसलं असेल, चीर, वाकडेपणा, आणि स्वतःलाच बजावलं असेल, थांब, वापरू नको?

तीन अर्थ. दोन चालतील. तिसऱ्यात माझी लेक बसणार.

२३ सप्टें., मंगळ

लायब्ररी. अकरावीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण या लायब्ररीच्या खुर्चीत. पण असा गोंधळ कुठल्या पुस्तकाने केला नव्हता.

एक म्हणतो पावसात अरुंद टायर बरा, पाणी कापत जातो. दुसरा म्हणतो रुंद घ्या, पकड जास्त. तिसरा म्हणतो टायर कुठलेही घ्या, उजवा पाय हलका ठेवा. नव्या टायरवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा दर्जा A, B असा. हे कळलं. चाकाच्या आतल्या बाजूला ET आणि पुढे आकडा. मी ते ‘एट’ वाचलं आणि आठ नंबर शोधत बसले. ते चाक किती आत-बाहेर बसतं त्याचं माप निघालं.

एक गोष्ट मात्र पटली. टायरच्या खाचा कशासाठी? पाण्याला वाट द्यायला. वाट मिळाली नाही की पाणी टायरखाली साचतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या, सारखंच.

पाण्याला वाट. आणि वेट म्हणजे वाट बघ. घरी येताना बसमध्ये हेच डोक्यात. वेट वाट वेट वाट. स्टॉप चुकला.

२७ सप्टें., शनि

आज यांच्यासारखंच करून पाहिलं. चाकाचं वजन. काट्यावर चाक ठेवलं तर आकडाच झाकला जातो, हे मार्चमध्ये यांनाही कळलं होतं, आणि मग ते चाक कवेत घेऊन स्वतः काट्यावर उभे राहिले होते. आत्ता आठवलं.

मीही घेतलं. जड. साडीला काळं लागेल म्हणून ड्रेस घातला होता. रबराचा वास आणि खाली थोडा त्यांच्या हँडक्रीमचा, की मला वाटलं.

आमचा काटा माणूस ओळखतो. वजनावरून. मी उभी राहिले की ‘२’ दाखवतो, हे उभे राहिले की ‘१’.

चाक घेऊन मी उभी राहिले. त्याने ‘१’ दाखवला.

किती वेळ उभी होते माहीत नाही. हात भरून आले तेव्हा उतरले.

नंतर लक्षात आलं, आकडा बघायचा राहिलाच. पुन्हा चढले. मग कीथला बोलावून गाडीचं एक चाक काढून तेही घेतलं. खडूवाली चाकं हलकी निघाली. म्हणजे वजन. म्हणजे चांगली चाकं.

म्हणजे कदाचित.

सा. ला सांगितलं, चाकं तीच, टायर नवे. ती म्हणाली, “पण बाबानी वेट म्हणजे वेट लिहिलं असणार ना?”

“हो, पण कुठलं?”

“आई, you’re confusing me.”

मी तरी काय करतेय.

३ ऑक्टो., शुक्र

कीथच्या व्हॅनमधून चाकं घेऊन स्लाऊला गेलो. तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीच्या, ट्रेडिंग इस्टेटच्या, टोकाला टायरचं दुकान. सरदारजी, मनमोकळे.

“आंटीजी, ये पुराने छोड़ो. ये देखो, नया सेट, पहिये-टायर समेत. रेसिंगवाला.” चाकं काळी, चकचकीत. टायर जवळजवळ बिनखाचांचे.

मी म्हटलं, “पाण्याला वाट कुठाय?” हिंदीत म्हटलं, पानी का रास्ता कहाँ है.

ते कीथकडे बघायला लागले. कीथ म्हणाला, “शी रीड्स.”

मग दोघांची जुंपली. कीथचं म्हणणं, साधे रस्त्याचे, जरा अरुंद, पकड A. सरदारजींचं म्हणणं, A तो सिर्फ कागज़ पे, रुंद घ्या, मेरा बेटा भी चलाता है. कीथ: तुझा मुलगा ट्रॅकवर कुठे जातो, चिकन शॉपला जातो. मी मधे उभी. दोघंही बरोबर वाटत होते, हीच पंचाईत.

शेवटी यांना विचारलं. म्हणजे मनात. सहा महिने झाले, उत्तर येत नाही.

साधे घेतले. रस्त्याचे, अरुंद, A. मला परवडणारेही तेच. सरदारजींनी खांदे उडवले, “जैसे आप कहो, आंटीजी.”

मग म्हटलं, चाकं तपासा आधी. मशीनवर फिरवा. का? म्हटलं, यावर ‘थांब’ लिहिलंय.

त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. देवनागरी येते त्यांना थोडी. “वे… ट. वेट. आंटीजी, ये तो वेट है.”

“हो ना,” म्हटलं.

तीन चाकं सरळ फिरली. चौथं जरा डोललं. मशीन बंद करून त्यांनी हाताने फिरवलं, कान लावला, म्हणाले किंचित वाकलंय, सरळ करून देतो, मंगळवारी या. “चलेगा?” “चलेगा क्या, दौड़ेगा.” कीथ माझ्याकडे बघत नव्हता.

म्हणजे थांब?

७ ऑक्टो., मंगळ

चाकं आणली. नवे टायर, काळेभोर, कडेला रबराची बारीक लव असते, ती अजून तशीच.

चौथं मशीनवर माझ्यासमोर फिरवून दाखवलं. सरळ. मी तीनदा फिरवायला लावलं. कीथ म्हणाला, “लुक्स फाइन.” परत विचारलं तर म्हणाला, “माझ्या गाडीला मी लावलं असतं.” परत विचारलं तर म्हणाला, “सुनंदा, मी बस चालवायचो.”

घरी उतरवताना दिसलं. यांनी लिहिताना अक्षर मोठं काढलं होतं. ‘वे’ टायरच्या रबरावर होता आणि ‘ट’ आत, चाकाच्या धातूवर. जुने टायर गेले, ‘वे’ त्यांच्याबरोबर गेला. चार चाकांवर नुसता ‘ट’.

टायरबद्दल लिहायचं तर रबरावर लिहितात. चाकाबद्दल लिहायचं तर धातूवर. यांनी दोन्हीवर.

दुकानात फोन केला, जुने टायर ठेवलेत का. “वो तो गए, आंटीजी.”

१३ ऑक्टो., सोम

शनिवारचा अंदाज: पाऊस. सकाळपासून. रोज बघते, रोज तेच ढगाचं चित्र.

सा. ला फोन केला, म्हटलं रद्द करूया, वाट बघूया, उन्हाळ्यात कर. एकदम सपाट आवाजात, “ओके. फाइन.” एप्रिलमध्ये याच आवाजात तिने अंत्यविधीचं सगळं ठरवलं होतं. फुलं. गाडी. ओके, फाइन.

मीच म्हटलं, नाही, नाही, जा. ये तू.

१९ ऑक्टो., रवि

शुक्रवारपासूनचं लिहायचं राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी सा. आली. थेट गराजमध्ये. मी आमटी गॅसवर ठेवून मागोमाग. चाकं बघितली, टायरवर हात फिरवला. “गुड टायर्स आहेत, आई. एकदम प्रॉपर.” मग खाली वाकली. “हे काय? टी? T फॉर टायर?”

“ट आहे तो. वेट मधला. बाबांनी लिहिलेला.”

“आणि वे?”

“गेला. जुन्या टायरबरोबर.”

ती जमिनीवरच बसली. मी सगळं सांगितलं. ओलं, वजन, थांब. डोलणारं चाक. सरदारजी. कीथ. काटा नाही सांगितला. ‘१’ चं नाही सांगितलं.

“सो, तुला माहीत नाही,” ती म्हणाली, “त्याला काय म्हणायचा होता.”

“म्हणायचं होतं. नाही.”

“पण तू मला यावर जायला देणार?”

“तपासून घेतलंय. दोनदा. तू नको म्हणालीस तर…”

“मी नको नाही म्हणत. मी विचारते आहे. तू नको म्हण ना, आई! कुणीतरी म्हणा काहीतरी! तो पण काही न बोलता… बिस्किट्स घेऊन…” आणि मग रडली. सहा महिन्यांचं. चाकाला टेकून. मी शेजारी बसले. आमटी करपल्याचा वास आला, गेले नाही.

बऱ्याच वेळाने नाक पुसत म्हणाली, “बाबा मला पण करायचा ते. लहानपणी. रस्ता क्रॉस करताना म्हणायचा, वेट. मी म्हणायचे, नॉट वेट, बाबा, इट्स ड्राय.”

हे मला माहीत नव्हतं.

“मग ते काय म्हणायचे?”

“काही नाही. हात धरायचा.”

शनिवारी पहाटेच पाऊस सुरू झाला. कीथच्या व्हॅनमध्ये चाकं, मागे ट्रेलरवर गाडी. ट्रॅकवर पोचलो तर सगळं करडं, देखरेखीचे मार्शल पिवळ्या रेनकोटांत. सुरुवातीचे काही फेरे हळू असतात, रस्ता ओळखायला. त्यात शेजारी कुणी बसलं तर चालतं, कीथ म्हणाला. पुढचे फेरे वेगाचे, त्यातही जबाबदारीच्या कागदावर सही करून बसता येतं. “बट यू वोंट वाँट टू, लव.”

छपराखाली कीथने ती चाकं गाडीला चढवली, आणि मी पर्समधून खडू काढला. गुडघ्यावर बसून चारही नव्या टायरांवर, त्यांच्या ‘ट’ च्या आधी, माझ्या अक्षरात ‘वे’ लिहिला. वेगाच्या फेऱ्यांच्या कागदावर सही केली. यांचं हेल्मेट सैल होतं, आत ओढणी बांधली, आणि सा. च्या शेजारी जाऊन बसले.