दगडाचे विळे

ओसाका

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, आता वरणही करपत नाही.

काल संग्रहालयात सोळाशे वर्षांपूर्वीच्या सरदारांच्या थडग्यांतल्या वस्तू पाहिल्या. एकेका माणसासाठी केवढी टेकडी रचलीय! आत आरसे, तलवारी आणि मऊ दगडाचे बोटभर विळे. त्यांनी गवतही कापलं जाणार नाही. मला वाटलं, खरे लोखंडी विळे मागे राहिलेल्यांसाठी ठेवले असतील. काय शहाणी माणसं! आपणही पूजेत सुपारीलाच गणपती मानतो ना?

तुझा गुडघा कसा आहे? पिपलानीहून बाजाराला अजून बसनेच जातेस?

सोबत खेळण्यातली स्कूटर पाठवतेय. ती बाबांच्या फोटोपुढे ठेव. ते गेल्यापासून त्यांच्या स्कूटरवर घातलेली चादर काढ, आणि किल्ली शैलेंद्रदादाला दे, म्हणजे तो तुला बाजारात नेईल.

तुझी,
शमिका