एक्याऐंशीची ओळ

४ मार्च
मास्तरांना माझा नियम सांगितला! कुठलीही संख्या घ्यायची, तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज करायची. आलेल्या बेरजेच्या विभाजकांची पुन्हा बेरीज. एक ही संख्या सोडली, तर पहिली बेरीज विषम आली की दुसरी समच येते. चारचे सात, सातचे आठ. मास्तरांना आता दिसत नाही. बोटांवर मोजत म्हणाले, "कुठवर तपासलंस?"
शंभरपर्यंत, म्हणालो.
ऐंशीपर्यंतच तपासलं होतं.

७ मार्च
मास्तरांचा एक जुना विद्यार्थी आता कॉलेजात प्राध्यापक आहे. त्यांना पत्र लिहायचं ठरलं. मास्तरांनी सांगितलं, मी लिहिलं – आधी नियम, मग "मुलगा आठवीत शाळा सोडून बाइंडिंगच्या दुकानात लागला. शंभरपर्यंत एकेक संख्या तपासली आहे. शब्द माझा. त्याला तुमच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसू द्या."
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

८ मार्च
दुकानात कापलेल्या पट्ट्यांवर उरलेले वीस आकडे घेतले. पहिलाच ८१. एक, तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी – १२१. एक, अकरा, एकशे एकवीस – १३३. दोन्ही विषम! सात वेळा केलं. मालक ओरडले, "अहो गणिती, कागद कापा, बोटं नकोत!"
पट्टी रद्दीच्या पोत्यात खोल दाबली. पत्र अजून माझ्याच खिशात होतं.
संध्याकाळी पेटीत टाकलं.

१९ मार्च
उत्तर आलं. दुपारी मास्तरांनी बोलावून घेतलं. पाकीट फोडलेलं होतं. "वाच."
"मुलाची चिकाटी आवडली." त्याखाली – "पण त्याने ८१ खरंच तपासला का? तुम्ही शब्द दिलात, म्हणून विचारतो."
मी पहिलीच ओळ वाचली.
"एवढंच?"
एवढंच, म्हणालो.
"पुन्हा वाच, बाळ."
पुन्हा तेवढीच वाचली.
"बरं." त्यांनी हात पुढे केला, पत्र चाचपून घडी घातली, उशीखाली ठेवलं.

२० मार्च
जेवताना आई म्हणाली, "चोरी केल्यासारखा काय बसलायस?"

२१ मार्च
सगळं कबूल करायला गेलो. दारात त्यांच्या सूनबाई. "झोपलेत. परवापासून कुणाशी धड बोलत नाहीत. ते पत्र मी वाचून दाखवलं ना, तेव्हापासून."
तुम्ही? कधी?
"सकाळीच. तुला निरोप धाडला, त्याच्या आधी."