दोघांचा भात

गुरुवार, संध्याकाळ

आज विद्यापीठात आमच्या संगणक विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. इमारतीबद्दल लिहिणार होते. ते राहू दे.

गावाकडचं बोलणं ऐकून लिहून दाखवणारं मॉडेल मी आणि मेघना बनवतोय. त्यासाठी राजूरच्या आत्याला रेकॉर्ड केलं होतं. बोलता बोलता घर सोडून गेलेल्या मामांवर, तिच्या नवऱ्यावर, आली. "अजून दोघांचा भात घालते. येडीच हाय मी लई. हे कुनाला ऐकवू नको हां, पोरी." मी हो म्हटलं. मेघनाला फाइल फक्त चाचणीसाठी दिली, ही अटही सांगितली.

तीच फाइल तिनं आज पाहुण्यांसमोर लावली. पडद्यावर प्रत्येक शब्द अचूक उमटला. "कुनाला ऐकवू नको" हेसुद्धा. सगळ्यात मोठा हशा तिथेच.

जाब विचारला, तर म्हणाली, "अगं, तुझ्या आत्याला कुठे कळणारे? आणि सर खूश झाले ना!"

भांडले नाही. तिला फाइल उघडता येणार नाही एवढं केलं. त्याचा आता काय उपयोग? हॉलभर लोकांना तो दोघांचा भात माहीत झालाय. आणि मेघना नि मी एका डब्यात जेवायचो.

मघाशी आत्याचा फोन आला. "माजं बोलनं कळलं का गं तुज्या मशीनला?"

"कळलं, आत्या. सगळं."

"बघ! आन् तू म्हनत हुतीस अवघड हाय. रविवारी ये. दोघींचा भात घालते."

जाईन. जेवायला बसण्याआधी सांगेन.